दादरचं दोन खुर्च्यांचं डेंटल क्लिनिक: डॉक्टरांइतकंच असिस्टंटकडेही बघा

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत आठ-दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे क्लिनिक आहे. जागा जेमतेम तीनशे चौरस फूट. त्यात दोन खुर्च्या, सहा जणांना बसता येईल एवढी वेटिंग रूम, एक्स-रेचा कोपरा आणि पूर्वीच्या मोरीत केलेली निर्जंतुकीकरणाची खोली. डॉक्टर नवरा-बायको, दोन असिस्टंट, रिसेप्शनवर एक ताई आणि साफसफाईला मावशी, एवढाच पसारा. नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की परीक्षणाची जाहिरात होते, आणि इथे जे पाहिलंय ते मुंबईतल्या कुठल्याही दवाखान्यात पाहता येतं.

दातांच्या डॉक्टरांबद्दल लोक एकच विचारतात: हात हलका आहे का? इथल्या दोघांचाही आहे. पण हलक्या हाताने केलेलं रूट कॅनलसुद्धा वर्षभरात पुन्हा ठणकू शकतं. काम चालू असताना लाळ आत झिरपली, औषधाने मुळातल्या नळ्या पुरेशा धुतल्या गेल्या नाहीत, तात्पुरती फिलिंग निघाली आणि पेशंटला पुढची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली, अशी कारणं असतात. यातलं निम्मं खुर्चीच्या डाव्या बाजूला बसलेल्या असिस्टंटच्या हातात आणि निम्मं रिसेप्शनच्या वहीत असतं. १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टने डेंटिस्ट, हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि मेकॅनिक (कवळ्या, कॅप बनवणारे) यांची नोंदणी लावून दिली, असिस्टंटची नाही. त्यामुळे असिस्टंट घडते ती बहुधा दवाखान्यातच. बारावी झालेली मुलगी विरारहून किंवा डोंबिवलीहून येते, आधी सक्शन, म्हणजे लाळ-पाणी ओढणारी नळी, धरायला शिकते, मग ट्रे लावायला, आणि चांगली तयार झाली की दोन हजार जास्त देणाऱ्याकडे जाते. या क्लिनिकमध्ये दोघीही बरीच वर्षं टिकून आहेत. बाकी सगळं वाचायचं नसेल तर एवढं पुरे.

सुरुवात फोनपासून होते. वेळ देताना रिसेप्शनवरची ताई नाव-नंबर घेऊन थांबत नाही. रोजच्या गोळ्या कुठल्या, रक्त पातळ होण्याची गोळी आहे का, साखर-बीपी आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, हे फोनवरच विचारते आणि गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवते. आजोबांना गोळीचं नाव आठवत नाही, ‘ती पांढरी, अर्धी’ एवढंच सांगता येतं. फोटोने तो घोळ मिटतो. साध्या दात काढण्यासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करायची गरज सहसा नसते. तरी लोक आपल्या मनानेच चार दिवस गोळी सोडून येतात, आणि ज्यांना स्टेंट बसवलेला आहे त्यांच्यासाठी तो धोका दात काढण्यातल्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून इथे वेळ देतानाच ‘कुठलीही गोळी आमच्या किंवा हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका’ हे वाक्य बोललं जातं. वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट मागतात, शक्यतो आदल्या चोवीस तासांतला.

आणखी एक प्रश्न अनेक ठिकाणी राहून जातो, इथे मात्र छापील फॉर्मवर आहे: हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून, सहा महिन्यांतून एखादं इंजेक्शन घेता का? साठीपुढच्या बायकांमध्ये ही औषधं बरीच चालतात आणि त्यांना वाटतं दाताशी त्याचा काय संबंध. संबंध आहे. अशा औषधांवर असताना दाढ काढली तर काही जणांची जखम भरतच नाही, जबड्याचं हाड उघडं पडून सडायला लागतं.

उपवासाचंही विचारतात. मंगळवार, संकष्टी, एकादशी, रमजान, कारण काहीही असो, इन्शुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी खुर्चीत बसलेला माणूस अर्ध्या तासात घामाघूम होऊ शकतो. मधुमेहींना सकाळी नाश्ता आणि गोळी झाल्यावरची वेळ देतात आणि खुर्चीत बसल्यावर बोटातून साखर पाहतात. बीपी प्रत्येक नव्या पेशंटचं आणि दात काढायच्या आधी प्रत्येकाचं. वरचं १८० किंवा खालचं ११० च्या पलीकडे असेल तर दुखणं कमी करण्यापुरते उपाय करून बाकीचं काम पुढे ढकलतात. यावरून रिसेप्शनवर कुरबूर होते. ताई ती ऐकून घेते, बदलत काही नाही.

तंबाखू, गुटखा, मिश्री यांचा रकाना फॉर्मवर वेगळा आहे आणि त्याच्याखाली तोंड किती उघडतं ते मिलिमीटरमध्ये लिहितात. साधारण तीन बोटं आत जावीत. वर्षानुवर्षं गुटखा चघळणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी ताठर होते आणि दीड-दोन बोटांवर तोंड अडतं. अशा तोंडात मागच्या दाढेचं रूट कॅनल करायला घेतलं की एअरोटरचं, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचं, डोकंही नीट बसत नाही. हे आधी मोजलं म्हणजे अर्ध्यात काम सोडायची पाळी येत नाही.

आता खुर्चीकडे. पेशंट बसायच्या आधी ट्रे लागलेला असतो, पण निर्जंतुक हत्यारांचे पाऊच बंद असतात. ते पेशंटसमोर फोडले जातात. असिस्टंट केसपेपर वाचून दाताचा नंबर मोठ्याने म्हणते, ‘खालची डावी, सहा नंबर, छत्तीस.’ डॉक्टर एक्स-रे पाहून तेच परत म्हणतात, मग पेशंटला बोट ठेवून दाखवायला सांगतात. तिन्ही जुळल्याशिवाय इंजेक्शन भरलं जात नाही. सगळे मिळून दहा सेकंद. चुकीचा दात निघतो तो अज्ञानाने क्वचितच. डॉक्टर समोरून बघतात तेव्हा पेशंटची डावी बाजू त्यांच्या उजवीकडे असते, एक्स-रे उलटा धरला जातो, तारा लावून दात सरळ करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टच्या चिठ्ठीवर ‘चार’ लिहिलेलं ‘पाच’ वाचलं जातं. दातांमध्ये तारा लावायच्या आधी जे निरोगी दात काढायला सांगतात, तिथे तर पाहून ओळखायला कीडही नसते.

भुलेचं औषध म्हणजे लिग्नोकेन दोन टक्के, सोबत ॲड्रेनलिन १:८०,०००. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी ३० मिलिलिटरच्या बाटलीतून येतं, आणि गडबड होते ती बाटलीतच. एका पेशंटला दोन मिलिलिटर दिलं, बधिरपणा पुरेसा आला नाही, घाईत तीच सुई पुन्हा बाटलीत घातली, की ती बाटली पुढच्या दहा जणांसाठी बाद. इथे बाटलीच्या रबरावर स्पिरिटचा बोळा फिरवून दरवेळी नवी सिरिंज, नवी सुई वापरतात. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली असते आणि अठ्ठावीस दिवसांनी ती टाकून देतात, औषध उरलं असलं तरी. इंजेक्शननंतर ओठ जड व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, दाढेची नस बधिर व्हायला त्याहून जास्त. या वेळात डॉक्टर दुसऱ्या खुर्चीकडे जातात, असिस्टंट मात्र पहिल्या खुर्चीपाशीच बसते. चक्कर येते ती बहुधा याच मिनिटांत, आणि तेव्हा पेशंटपाशी कोणी नसलं की साधी चक्कर पडण्या-लागण्यापर्यंत जाते.

चार हातांनी काम करणं म्हणजे काय ते इथे पाहण्यासारखं आहे. पेशंटचं डोकं घड्याळाच्या मध्यावर धरा, बारा त्याच्या माथ्याकडे. उजवखुरे डॉक्टर नऊ ते बाराच्या पट्ट्यात बसतात, असिस्टंट दोन ते चारच्या. असिस्टंटचं स्टूल डॉक्टरांच्यापेक्षा चार ते सहा इंच उंच, म्हणजे तिला डॉक्टरांच्या हातांवरून तोंडात दिसतं. हत्यारांची देवघेव हनुवटीच्या खाली, छातीवर होते, चेहऱ्यावरून कधीच नाही. डोळ्यात पडलेल्या एक्सप्लोररची, म्हणजे दात तपासायच्या टोकदार आकड्याची, कल्पनाच केलेली बरी. पेशंटलाही चष्मा घालायला देतात. असिस्टंट डाव्या हाताने पुढचं हत्यार देते, करंगळीने आधीचं काढून घेते, उजव्या हातात सक्शन. डॉक्टरांची नजर दातावरून हलत नाही. नव्या मुलीची पहिली चूक ठरलेली: सक्शनची नळी जिभेच्या मागे घशाकडे सरकते आणि पेशंटला उबळ येते. जुनी असिस्टंट नळीचं तिरकं तोंड दाताच्या जरा मागे, गालाला न चिकटेल असं धरते आणि आरशावर हवा मारत राहते, म्हणजे आरसा धुक्याने भरत नाही.

रूट कॅनलला रबर डॅम लावतात. प्रत्येक वेळी. दादरमध्ये हे प्रत्येक ठिकाणी होतं असं समजू नका. सहा इंच बाय सहा इंचाचा रबराचा पातळ चौकोन, त्याला भोक पाडून दाढेवर क्लॅम्पने, म्हणजे चापाने, बसवायचा, खाली कागदी रुमाल, वर फ्रेम. क्लॅम्पला आधी फ्लॉसचा दोरा बांधतात, आणि तो दोरा तोंडाबाहेर ठेवतात. क्लॅम्प मोडला किंवा उडाला तर ओढून काढता यावा म्हणून. दोघांनी मिळून लावायला दीड-दोन मिनिटं लागतात. एकट्या डॉक्टरला पाच लागतात आणि तरी तो तिरका बसतो, म्हणून एकट्याने काम करणारे तो लावायचाच सोडून देतात. डॅम असला की लाळ आत जात नाही, नळ्या घासायची बारीक फाइल घशात जात नाही आणि नळ्या धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरातल्या ब्लीचचंच भावंड, जिभेवर गळत नाही. नाक चोंदलेल्याला डॅम सोसत नाही. सर्दी असेल तर फोन करून वेळ बदलून घ्या, ते हसत बदलून देतात. रबराची ॲलर्जी असेल तर सांगा, लॅटेक्स नसलेला डॅमही ठेवतात.

हायपोक्लोराइटची सिरिंज निळ्या चिकटपट्टीची, सलाइनची बिनपट्टीची, भुलेची वेगळ्या ट्रेमध्ये. तिन्ही द्रव दिसायला पाण्यासारखेच. ट्रेवर शेजारी शेजारी पडले तर भुलेऐवजी हायपोक्लोराइट हिरडीत टोचलं जाऊ शकतं, आणि मग तासाभरात गाल फुग्यासारखा सुजतो, आतली कातडी जळते. पट्टी लावायला काहीच खर्च येत नाही, शिस्त तेवढी लागते. धुवायची सुईही बाजूला छिद्र असलेली, ३० गेजची, आणि तिला रबरी स्टॉपर. मुळातल्या नळीची लांबी २१ मिलिमीटर भरली तर स्टॉपर १९ वर. असिस्टंट स्टॉपर मोजपट्टीवर मोजून देते, डॉक्टर घालण्याआधी पुन्हा बघतात. सुई नळीत घट्ट बसू द्यायची नाही आणि दट्ट्या जोरात दाबायचा नाही, नाहीतर औषध मुळाच्या टोकातून पलीकडे जातं.

पेशंटला काम सुरू व्हायच्या आधी सांगतात, ‘काका, काही वाटलं तर डावा हात वर करा, बोलू नका.’ हात वर झाला की थांबतात, हे महत्त्वाचं. काही ठिकाणी ‘झालंच, झालंच’ म्हणत पुढे चालू असतं.

वापरलेल्या सुईला टोपण घालायची पद्धत पाहण्यासारखी आहे: टोपण ट्रेवर आडवं, एका हाताने सुई त्यात सरकवायची, दुसरा हात मागे. दोन्ही हातांनी टोपण घालताना बोटाला टोचून घेणाऱ्या असिस्टंट मुंबईत कमी नाहीत. दोघींचीही हेपॅटायटिस बीची तिन्ही इंजेक्शनं झालेली आहेत. सुई टोचली तर काय करायचं याचा कागद भिंतीवर चिकटवलेला आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात.

पेशंट उठला की खरी परीक्षा. दोन पेशंटमध्ये इथे बारा ते पंधरा मिनिटं राखून ठेवतात. एअरोटर आणि हवा-पाण्याची सिरिंज वीस-तीस सेकंद मोकळी चालवून नळीतलं पाणी बाहेर काढतात, कारण एअरोटर थांबताना तोंडातलं थोडं मागे ओढू शकतो. रोज सकाळी हेच दोन मिनिटं. खुर्चीला महापालिकेच्या नळाचं पाणी थेट जोडलेलं नाही, वेगळी बाटली आहे. ती रात्री रिकामी करून उलटी ठेवतात. नळीत रात्रभर पाणी साचलं की आतल्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि मग एअरोटरला कितीही निर्जंतुक बर, म्हणजे कोरायचं टोक, लावला तरी पाणी त्या थरावरूनच येतं.

मग पुसणं. इथे मला जरा खटकलं. फवारा मारून लगेच कोरड्या कापडाने पुसण्याची सवय मोठ्या असिस्टंटला आहे. जंतुनाशकाच्या बाटलीवर लिहिलेला वेळ, एक मिनिट असो की तीन, पृष्ठभाग ओला राहायला हवा. आधी एकदा पुसून घाण काढायची, मग पुन्हा फवारून थांबायचं. धाकटी हे नीट करते. दिव्याचं हँडल, एक्स-रे सेन्सर आणि खुर्चीची बटणं यांना मात्र दोघीही दरवेळी नवी प्लास्टिकची फिल्म लावतात, त्यामुळे नुकसान मर्यादित राहतं. हातमोजे घालून मोबाइल उचललेला एकदाही दिसला नाही. फोन वाजला तर रिसेप्शनवरून ताई आत येऊन सांगते.

मोरीची खोली जेमतेम पाच फूट बाय सहा, पण तिच्यात एक नियम आहे जो मोठमोठ्या जागांनाही जमत नाही: सगळं डावीकडून उजवीकडे जातं. डावीकडे घाण हत्यारांचा झाकणाचा डबा, मग सिंक, मग अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी हत्यारं धुणारं यंत्र), मग वाळवायची जागा, पॅकिंग, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), आणि शेवटी बंद ड्रॉवर. स्वच्छ हत्यार उलट्या दिशेने कधीच जात नाही. अल्ट्रासॉनिकमध्ये एन्झाइमचं द्रावण रोज नवं भरतात, झाकण लावून आठ-दहा मिनिटं. जाळी खच्चून भरली तर लहरी आत पोचत नाहीत, म्हणून अर्धीच भरतात. धुतल्यावर भिंगाखाली बघतात. दातांवरचा थर खरवडायच्या स्केलरच्या टोकावर रक्ताचा वाळलेला कण राहिला तर त्याच्या आत वाफ पोचत नाही, ऑटोक्लेव्ह कितीही महागडा असो.

ऑटोक्लेव्ह बी क्लासचा आहे. म्हणजे वाफ सोडण्याआधी पंपाने आतली हवा टप्प्याटप्प्याने ओढून काढतो. साध्या कुकर पद्धतीच्या यंत्रात वाफ हवेला ढकलून बाहेर घालवते, त्यामुळे सपाट चिमट्याला ते चालतं. पण एअरोटरच्या आत बारीक नळ्या असतात, तिथे हवा अडकून बसते आणि अडकलेल्या हवेत वाफ शिरत नाही. १३४ अंशांना वाफेत तीन-चार मिनिटं, पण हवा काढणं, तापणं आणि वाळवणं धरून पूर्ण फेरी पाऊण तासाची. वाळवण्याची वेळ घाईत कापली की पाऊच ओलसर बाहेर येतात, आणि ओल्या कागदातून जंतू आत जातात. मुंबईच्या पावसाळ्यात तर ओलसर पाऊच ड्रॉवरमध्ये टाकणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. इथे ओला पाऊच आला तर तो पुन्हा आत जातो, नव्या पाकिटात.

पाऊचवरची पट्टी रंग बदलते ती ‘मी तापलो’ एवढंच सांगते. जंतू मेले की नाही हे कळायला दर सोमवारी स्पोअरची कुपी लावतात. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा, उष्णतेला अतिशय चिवट असा निरुपद्रवी जंतू तिच्यात असतो. फेरीनंतर कुपी उबवायला ठेवतात, सोबत न तापवलेली दुसरी. दुसरी पिवळी झाली आणि पहिली जांभळीच राहिली तर यंत्र ठीक. नोंदवही मागितली तर दाखवतात. ही वही मागून बघा, दहा ठिकाणी विचारलंत तर चेहरेच बरंच सांगतील.

आता हिशेब मांडतो. संध्याकाळी सहा ते नऊ, ऑफिसं सुटल्यावर, दोन खुर्च्यांवर मिळून आठ-नऊ पेशंट होतात. प्रत्येकाला निर्जंतुक केलेला एअरोटर द्यायचा तर फेरी पाऊण तासाची, वर धुणं, तेल देणं, पॅक करणं आणि थंड होणं धरून एक एअरोटर दीड तास तरी परत येत नाही. म्हणजे कमीत कमी पाच-सहा हवेत. इथे सात आहेत, त्यामुळे निभतं. दोनच असलेल्या दवाखान्यात संध्याकाळी काय होत असेल ते वेगळं सांगायला नको, स्पिरिटने पुसतात. पण सात असूनही यंत्र एकच. मध्येच त्याची रबरी गॅस्केट गेली तर पर्याय नाही, त्या दिवशी वेळा रद्द कराव्या लागतात. दुसरं लहान यंत्र घ्यायला हवं, जागेची सबब इतकी वर्षं चालते आहे. आणि तो निळ्या दिव्याचा यूव्ही कपाटाचा डबा वेटिंग रूममधून दिसेल असा ठेवला आहे, तो काढून टाकला तरी चालेल. त्याने हत्यारं निर्जंतुक होत नाहीत, झालेली ठेवता येतात इतकंच. लोकांना निळा दिवा आवडतो, दुसरं काय.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे कन्सल्टंटचे दिवस. मुंबईच्या बहुतेक लहान दवाखान्यांसारखंच इथेही अक्कलदाढेचे सर्जन आणि तारांचे ऑर्थोडॉन्टिस्ट ठरलेल्या दिवशी आपली बॅग घेऊन येतात. सर्जन लोकलमध्ये अडकले की पाच पेशंट एकावर एक साचतात आणि ती राखून ठेवलेली पंधरा मिनिटं सगळ्यात आधी खर्ची पडतात. बॅगेतली हत्यारं कुठे, कधी निर्जंतुक झाली याची नोंद या क्लिनिकच्या वहीत नसते. आपल्या हत्यारांना जो नियम तो पाहुण्यांच्या हत्यारांना नको का? शिवाय टाके काढायला पेशंट आठवड्याने येतो तेव्हा सर्जन नसतात आणि केसपेपरवर ‘शस्त्रक्रिया सुरळीत’ एवढंच लिहिलेलं. किती टाके घातले, विरघळणारे की रेशमाचे, काही नाही. तोंडात शोधत बसावं लागतं. एका ओळीचं काम आहे.

लॅबचं काम नीटस आहे. कॅपचा रंग काम सुरू व्हायच्या आधी, खिडकीपाशी, लिपस्टिक पुसून बघतात. तोंड अर्धा तास उघडं राहिलं की दात सुकून पांढरे दिसतात आणि मग कॅप शेजारच्या दातापेक्षा उजळ येते. अल्जिनेट नावाच्या लगद्यात घेतलेलं दातांचं माप दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टरने भरतात, असिस्टंटच भरते. लॅबचा मुलगा संध्याकाळी बॅग घेऊन येईपर्यंत माप तसंच ठेवलं तर सुकून आक्रसतं आणि कवळी बसत नाही, मग दोष लॅबवर. लॅबला जाणारं प्रत्येक माप धुऊन, जंतुनाशक मारून, पिशवीत.

दात काढल्यानंतरच्या सूचना तोंडी आणि कागदावर, मराठी व हिंदी दोन्हीत. गॉझ पाऊण तास दाबून धरायचा, दर पाच मिनिटांनी काढून बघायचा नाही. थुंकायचं नाही, गिळायचं. चोवीस तास चूळ नाही, स्ट्रॉ नाही, तंबाखू-सिगारेट तर नाहीच. रक्ताची गुठळी सुटून आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. लहान मुलाच्या आईला असिस्टंट वेगळं सांगते की बधिर ओठ दोन-तीन तास चावू देऊ नका, भात आत्ता भरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो. ताई तीनच गोष्टी विचारते: रक्त थांबलं का, सूज वाढते आहे का, गिळायला त्रास आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर डॉक्टर लगेच फोनवर येतात, आणि ते बरोबरच आहे. खालच्या दाढेची सूज घशाकडे उतरली तर श्वास अडू शकतो.

इमर्जन्सीची पेटी दोन खुर्च्यांच्या मध्ये, कुलूप न लावता. ॲड्रेनलिन, ग्लुकोज, ॲस्पिरिन, छातीत दुखल्यावर द्यायची सॉर्बिट्रेट, दम्याचा पंप, शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. झाकणावर प्रत्येक औषधाची मुदत आणि कोणी काय करायचं ते: डॉक्टर पेशंटपाशी, एक असिस्टंट ऑक्सिजनकडे, ताई १०८ ला फोन करून खाली रस्त्यावर थांबणार, कारण इमारतीचं प्रवेशद्वार गल्लीतून आहे आणि रुग्णवाहिकेला ते सापडत नाही. हे शेवटचं कोणी सुचवलं त्याला दाद द्यायला हवी.

कचऱ्याच्या पिशव्या २०१६ च्या नियमांप्रमाणे: रक्ताळलेला कापूस आणि काढलेले दात पिवळ्यात, हातमोजे आणि सक्शनच्या नळ्या लाल, सुया-ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. मावशीला हे रंग डॉक्टरांपेक्षा पक्के ठाऊक आहेत.

दर मुंबईच्या मानाने मधले. लेखी अंदाजपत्रक देतात, रूट कॅनल, आतला आधार आणि कॅप यांचे आकडे वेगळे दाखवून. पण ते इंग्रजीत. सूचनांचा कागद मराठीत करता येतो तर हाही करावा, पैशाचा कागद तर आधी. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयाचा विचार करावा. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खूपच कमी, वेळ मात्र भरपूर काढून जावं लागतं.

वेळ घेताना शक्यतो सकाळी अकराच्या आसपासची मागा, निदान पहिल्या भेटीला. संध्याकाळी सात ते साडेआठ गर्दी असते आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागतं. अक्कलदाढ काढायची असेल तर सर्जनचा वार विचारा आणि त्या दिवसाची पहिलीच वेळ घ्या. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्या आजींना घेऊन जाणार असाल तर आधी फोन करा, दोघींपैकी एक असिस्टंट खाली घ्यायला येते.